खांद्याचा डाव आणि एक ‘हाव’

माझा उजवा खांदा अधूनमधून दुखतो. ऑफिसात मी बाथरूममध्ये पाय घसरल्याचं सांगून ठेवलंय, कारण खरं सांगितलं तर बदली होईपर्यंत मला कोणी सुखानं डबा खाऊ देणार नाही. खरं कारण माझी बायको आहे. ती नागपुरात रामदासपेठेतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते आणि संध्याकाळी प्रताप नगरातल्या एका जिममध्ये जाऊन माणसांना जमिनीवर पाडून त्यांचे हात पिरगाळते. मिक्स्ड मार्शल आर्ट्स असं त्या प्रकाराचं नाव. माझी आई त्याला अजूनही ‘सूनबाईचा योगा’ म्हणते, आणि तिचा हा समज दूर करायची हिंमत आमच्या घरात कोणालाच झालेली नाही.

जिममध्ये शिकलेलं घरी घोटायला माणूस लागतो. बेसा भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये तो माणूस म्हणजे मी. जेवणं व्हायच्या आधी हॉलमधला टीपॉय भिंतीला लागायचा, गादी खाली यायची आणि मी उताणा पडायचो. सरकारी कारकुनाला उताणं पडून राहायचं काही शिकवावं लागत नाही, हे तिचं म्हणणं. माझं वजन तिच्या गटातल्या कोणत्याही मुलीपेक्षा भरपूर जास्त होतं, त्यामुळे सराव चांगला होतो, हेही तिचंच म्हणणं.

त्या वर्षी ती एका डावाच्या मागे लागली होती. डाव खांद्याचा. समोरचा खाली पडलेला असतो, आपण त्याच्या छातीवर आडवे. त्याचा हात वाकवून मनगट जमिनीला दाबायचं, आपला दुसरा हात त्याच्या दंडाखालून घालून आपलंच मनगट धरायचं, आणि फरशी पुसल्यासारखं त्याचं मनगट जमिनीवरूनच खाली कमरेकडे ओढत कोपर वर उचलायचं. एवढं झालं की खांद्यातून अशी कळ निघते की माणूस दुसऱ्या हातानं जमीन थोपटतो. थोपटलं की हरला. तोंडानं ‘बस’ म्हटलं तरी हरला, आणि कळवळून ओरडला तरी हरलाच.

अडचण इतकीच की खाली पडलेला माणूस हात देत नाही. तो दोन्ही कोपरं बरगड्यांना चिकटवून पडतो. ओढाओढी करून हात सुटत नाही, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो. माझ्यासारख्या ढिल्या माणसाचाही सुटत नव्हता. म्हणून आधी मारायचं. वरून तोंडावर छोटे छोटे ठोसे. तोंड वाचवायला त्याचा हात आपोआप वर येतो, कोपर बरगडीपासून सुटतं, आणि नेमका तोच हात धरायचा. तिचे सर कामठीचे, हिंदी आणि मराठी एकाच घासात खाणारे. ते तिला सारखं एकच सांगायचे, “मॅडम, मुक्का तो बहाना है. आपल्याले हात पायजे.”

बायकोचं घोडं त्या मुक्क्यावरच अडलं होतं. तिला मारता येत नव्हतं असं नाही. उभ्या उभ्या ती चांगली दणकावून मारायची. पण पडलेल्या माणसाला मारायचं म्हटलं की तिच्या मुठीत लॅब शिरायची. दंडावर कापसाचा बोळा फिरवावा तसा ठोसा लावायची आणि लगेच विचारायची, “दुखून राहिलं का वं?” दिवसभर सुई टोचताना हेच विचारायचं, मग संध्याकाळी जिभेला वेगळं काय सुचणार? जिममधल्या मुलीही आपल्याच गावच्या. खाली पडल्या पडल्या त्या इमानदारीनं उत्तर द्यायच्या, “हाव ताई, थोडं.” मग ही हात ढिला करायची, दोघी हसायच्या आणि सर डोक्याला हात लावायचे. एकदा तर त्यांनी तिला विचारलं म्हणे की मॅडम, रिपोर्ट कधी मिळेल?

गंमत म्हणजे घरी तिनं मला एकदाही विचारलं नाही. घरचा खांदा दुखत नसावा.

पण एवढी चेष्टा करतोय म्हणून तिला हा सगळा खेळच होता असं कोणी समजू नये. कॉलेजात ती कबड्डी खेळायची. राज्याच्या संघात तिची निवड झाली होती आणि ऐन वेळी तिच्या घरच्यांनी मुलीला एवढं लांब एकटं पाठवायला नकार दिला. हे तिनं मला लग्नानंतर एकदाच सांगितलं, तेही भाजी निवडता निवडता, दुसऱ्या कोणाची गोष्ट सांगावी तसं. आता चौतिसाव्या वर्षी पुन्हा तशी संधी आली होती. शहरातल्या जिमांनी मिळून निवडीच्या लढती ठेवल्या होत्या, आणि तिच्या वजनी गटात जी जिंकेल ती राज्याच्या स्पर्धेला जाणार होती. पुढच्या वर्षी वयाच्या अटीत ती बसणार नव्हती. त्यामुळे या वेळी नाही तर नाहीच, हे ती जाणून होती. बॅग कोणती न्यायची हेही तिनं ठरवून ठेवलं होतं, हे मला कपाट उघडल्यावर कळलं.

लढती एका मंगल कार्यालयात होत्या. वधूपक्ष लिहिलेल्या खोलीत आमच्या मुली तयार होत होत्या. पंच पुण्याहून बोलावले होते, म्हणजे कोणाला पक्षपाताची शंका नको. माणूस भला होता. फक्त तो आमच्याशी बोलायला लागला की आमच्यातले सगळे एकदम इस्त्री केलेलं मराठी बोलायला लागायचे आणि त्यांच्या तोंडून निम्मे शब्द चुकीचे निघायचे.

शेवटच्या लढतीत बायकोची गाठ उमरेडकडच्या एका मुलीशी पडली. बावीसेक वर्षांची, काटक, आणि खाली पडली तरी कोपरं न सोडणारी. पहिल्या फेरीत त्या मुलीनंच हिला दोनदा पाडलं. दुसऱ्या फेरीत मात्र हिनं तिला खाली घेतलं, छातीवर आडवी झाली आणि ठोसे लावायला सुरुवात केली. या वेळी ठोसे बरे होते. कापूस नव्हता. मुलीचा हात तोंडापुढे आला, हिनं मनगट धरलं, दंडाखालून हात घातला, फरशी पुसली, कोपर उचललं. मी खुर्चीवरून अर्धा उठलो. माझा स्वतःचा खांदा तेवढ्यात दुखायला लागला.

आणि बाईसाहेबांनी विचारलं, “दुखून राहिलं का वं?”

खालून ती मुलगी, दातावर दात धरून, म्हणाली, “हाव.”

पंचांनी झेप घेतली, दोघींना सोडवलं आणि हिचा हात वर केला. आमच्या बाजूला एकच गलका झाला. सरांनी मला मिठी मारली, जी त्यांनी त्याआधी कधी मारली नव्हती आणि नंतरही नाही. पण पलीकडून त्या मुलीचे सर धावत आले. त्यांचं म्हणणं, आमच्या मुलीनं थोपटलं नाही, ‘बस’ म्हटलं नाही, मग ती हरली कशी? पंच शांतपणे म्हणाले की ती वेदनेनं ओरडली, मी स्वतः ऐकलं, आणि नियमानं ओरडणं म्हणजे हार.

“सर, ते ओरडली नाही. हाव म्हणाली,” मुलीचे सर म्हणाले.

“कसली हाव?” पंच म्हणाले.

हाव म्हणजे पुण्यात लोभ. इथे हाव म्हणजे हो. अख्खं मंगल कार्यालय हसायला लागलं, आणि त्या भल्या माणसाला कळेना की आपलं काय चुकलं. कोणीतरी त्यांना अर्थ सांगितला. मग त्यांनी रास्त प्रश्न विचारला की लढत चालू असताना ती हो कशाला म्हणेल? कोणी काही विचारलं होतं का? आणि ते माझ्या बायकोकडे वळले. सगळ्यांत जवळ तीच होती. काय ऐकलं ते तिनं सांगावं, तिचं ऐकून निर्णय देऊ, असं ते म्हणाले.

हसणं थांबलं. बायकोनं आधी सरांकडे पाहिलं. ते वरच्या पंख्याकडे बघत होते. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. मी तिला डोळ्यांनी जे सांगायचं ते सांगितलं. ओरडली म्हण, किंवा काहीच म्हणू नको. माझं अजूनही तेच मत आहे. ती नुसती गप्प बसली असती तर कोणाचं काही बिघडलं नसतं, आणि तो डाव तर तिनं शंभर टक्के लावलेलाच होता. आणखी दोन श्वासांत त्या मुलीनं थोपटलंच असतं.

“मी विचारलं, दुखतं का,” ती इस्त्रीच्या मराठीत म्हणाली. “तिनं फक्त उत्तर दिलं. हार नाही मानली.”

लढत उभ्यानं पुन्हा सुरू झाली. उरलेल्या वेळात बायकोनं त्या मुलीला आणखी एकदा खाली घेतलं आणि खरोखर मारलं, न विचारता, सर वर्षभर जसं सांगत होते अगदी तसं. पण आता मुलगी शहाणी झाली होती. तिनं ठोसे तोंडावर घेतले, नाक लाल करून घेतलं, पण कोपर काही बरगडीपासून सोडलं नाही. बहाणा तिला कळला होता. वेळ संपली, गुण मोजले गेले आणि पंचांनी त्या मुलीचा हात वर केला.

मुलगी चांगली निघाली, हे मला नाइलाजानं कबूल करावं लागतं. ती हिच्या पाया पडली आणि विचारलं की ताई, तो हात तुम्ही एवढा पटकन कसा पकडला, मले दाखवा ना. मला वाटलं, आता ही चांगलं सुनावेल. हिनं तिथेच मॅटच्या कडेला बसून दाखवलं. ठोसा कुठे द्यायचा, मनगट कधी धरायचं, कोपर किती वर न्यायचं. दाखवायला अर्थातच माझा हात घेतला.

घरी येताना मी स्कूटर चालवत होतो आणि माझं तोंडही चालू होतं. मी तिला म्हटलं की तू लॅबमध्ये खरं बोलायचा पगार घेतेस, रविवारी तरी सुट्टी घ्यायची. मी म्हटलं, त्या पुणेकरांना बिचाऱ्यांना पुरस्कार द्यायला हवा, नागपुरात येऊन हाव ऐकली आणि न्यायही केला. एरवी यातल्या एखाद्या वाक्याला माझ्या पाठीत बुक्की बसली असती. बसली नाही. मी आरशात पाहिलं तर ती रस्त्याकडे बघत होती. मग मला रागच आला. मी सिग्नलला गाडी थांबवली आणि सरळ विचारलं की तुला एवढं जायचं होतं, तर काहून बोलली?

सिग्नल सुटला, मागचे हॉर्न वाजवायला लागले आणि मी गाडी कडेला घेतली.

“ते तिथं पडल्या पडल्या खरं बोलली,” ती म्हणाली. “मग मी उभी राहून खोटं कशी बोलू?”

सवयीनं मी पुन्हा काहीतरी गमतीचं बोलायला तोंड उघडलं, तर तिनं मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“आज हसवू नको,” ती म्हणाली. “मले जायचं होतं.”