लंकाबाईंचे काळे हुलगे

आमच्या सासूबाई, लंकाबाई, म्हणजे संशयाचं दुकान. दूधवाल्याचं माप, कंडक्टरचं तिकीट, माझ्या हातचं मीठ, सगळं दोनदा तपासणार. पारनेरच्या माळावर त्यांच्या हाताखाली अख्खा संसार केलाय मी, मला विचारा!

घर सासऱ्यांच्या नावावर, रान माझ्या नवऱ्याच्या. सासूबाईंचं स्वतःचं एकच, माहेराहून आणलेलं काळ्या हुलग्याचं बी. माहेरी सगळा ऊस झाला, तिथं ते उरलं नाही. राखेत घोळून मडक्यात जपायच्या. कुणाला द्यायची वेळ आलीच तर तव्यावर भाजून द्यायच्या. शेंगोळे करा, खा, पण पेरू नका!

सत्त्याण्णव साली हळदीच्या पेटंटची बातमी गाजत होती, आणि नेमकी तेव्हाच त्यांची भाची माधुरी पुण्याच्या प्रयोगशाळेतून आली. "आत्या, रक्ताच्या पेशींवर साखरेचे बारीक कण असतात. हुलग्यातलं एक प्रथिन त्यातले 'ए' गटाचे तेवढे ओळखून धरतं, त्यावरून रक्ताचा गट कळतो. तुझ्या बियात जोर निघाला तर तेच प्रथिन आम्ही जंतूंकडून बनवून घेऊ, हवं तसं बदलूही."

"माझ्या हुलग्याचं जंतू करनार?" सासूबाई उठल्या, चुलीवर तवा ठेवला आणि भाजलेलेच दाणे तिला बांधून दिले. काळ्या दाण्यावर भाजल्याचा डाग कुठं दिसतोय!

महिन्याभरानं माधुरी परत आली ती तोंड पाडून. "काहीच जोर नाही गं. सर म्हणतात, विषय सोड." मग तिनं दुकानातले कच्चे हुलगे भिजवून वाटले, मिठाच्या पाण्यात गाळले, काचेवर थेंब टाकला आणि बोटाला सुई टोचून स्वतःचं 'ए' गटाचं रक्त त्यात मिसळलं. बघता बघता ते नासक्या दुधासारखं फुटलं. शेजारी आत्याच्या हुलग्याचा थेंब. तिथं रक्त जसंच्या तसं.

"आत्या, आचेनं हे प्रथिन मरतं. भाजलेस ना?"

"व्हय, भाजले!" सासूबाई कडाडल्या. "उद्या तुझं सायब माझ्याच बियावर नाव लावत्याल, आन मलाच इकत घ्यायला लावत्याल!"

माधुरी रडकुंडीला आली. मला सासूबाईंचा असला राग आला म्हणून सांगू! "सख्ख्या भावाची लेक हाय, आत्याबाई," म्हटलंच मी.

त्या जात्यावर बसल्या. कच्चे हुलगे दळून पुडी बांधली. "घे, भाजल्यालं न्हाई. आता पेर म्हनावं सायबाला!" आणि गालात हसल्या.

पुडी घेऊन माधुरीला गुपचूप निघता आलं असतं. ती उंबऱ्यात थांबली. "आत्या, तुला फसवून नेववत नाही. प्रथिन कसं बनवायचं याची खूण या पिठातूनही काढता येते. ती मिळाली की आम्हाला तुझं बी लागणारच नाही."

"मग माझं काय ऱ्हायलं?"

"मी तुझं नाव सांगेन. ते लावतीलच असं नाही."

बाई गं! सासूबाईंनी तिच्या हातातली पुडी काढून घेतली, परातीत ओतली. "रेश्मा, शेंगोळे टाक," मला म्हणाल्या. संपलं सगळं, मला वाटलं. माधुरीही पिशवी उचलायला लागली.

सासूबाई आतून मडकं घेऊन आल्या. राख झटकून ओंजळभर जिवंत दाणे तिच्या ओढणीत ओतले.

"तोंडावर खरं बोललीस, म्हनून देते. पर भिजवून समदं वाटू नगं. थोडं पेर, कुंडीत का हुईना. तुझ्या बापानं उसापायी मोडलं हुतं ते."