लाउरीने निवडलेलं वचन

बेथानिया चॅपलमागच्या दफनभूमीतल्या निम्म्याअधिक शिळा तुदुरने कोरल्या होत्या आणि त्यांतल्या बहुतेकींवरच्या मजकुराची त्याला शिसारी येई. काळ्या पाटीच्या दगडावर तो अक्षर असं बसवायचा की वेल्सच्या लांबलांबच्या खाणगावांतून लोक त्याच्याकडे येत. येत ते बायबलातलं एखादं गोड वाक्य चिमटीत धरून. ते कोण बोललं, कुणाला, कशापायी, याचा पत्ता कुणालाच नसे.

"परवा एकाने आईच्या शिळेसाठी ईयोबच्या मित्रांचं वाक्य आणलं," रविवारी चॅपलमधल्या मोठ्यांच्या बायबलवर्गात तो सांगे. "ज्यांना शेवटी देवानेच खोटं पाडलं, त्या शहाण्यांचं! म्हणे, कानाला बरं वाटतं."

हा वर्ग तो वीस वर्षं घेत होता. कुणी मध्ये बोललं की चष्म्यावरून बघे. "मागचा अध्याय वाचलास? नाही ना? मग गप बस." खाणीतली माणसं हळूहळू यायची थांबली. सात उरली. गाळ गेला, असं तुदुर म्हणे.

मार्चमध्ये मेंढ्यांचा व्यापारी मैरिग वारला. पंधरवड्याने त्याची बायको लाउरी तुदुरच्या कामाच्या पडवीत आली. तिने कागद पुढे केला. आपण एकमेकांच्या नजरेआड असू तेव्हा देव तुझ्यामाझ्यावर नजर ठेवो, अशा अर्थाची ती ओळ होती.

तुदुर हसला. "वाटलंच! बाई, हे प्रेमाचं बोलणं नव्हे."

"मग कशाचं?"

"लाबान नावाचा सासरा आपल्या जावयाला..."

"...याकोबला दम देतोय," लाउरी म्हणाली. "वीस वर्षं दोघांनी एकमेकांना फसवलं. शेवटी दगडांची रास रचून म्हणतो, मी नसलो तरी माझ्या मुलींना छळू नकोस, वर देव बघतोय. वाचलंय मी."

तुदुरच्या हातातली छिन्नी तशीच राहिली.

"मैरिग महिन्यातले वीस दिवस बाजाराच्या गावी असायचा. तिथं कुठल्या बाईकडे उतरायचा, ते मला सोडून सगळ्या गावाला ठाऊक होतं. तुम्हालाही."

तुदुरने तिच्या हातातला कागद घेतला.

"मागचं-पुढचं वाचता म्हणे तुम्ही! हसण्याआधी मला विचारायचंत तरी. कोरा आता. आणि स्पेलिंग बघा."

मे महिन्यात शिळा उभी राहिली. पाद्रीबुवांनी पतिपत्नींच्या अतूट प्रेमावर चांगला अर्धा तास प्रवचन दिलं, बायकांनी डोळे पुसले. लाउरी ओठ दुमडून त्या सगळ्यांकडे बघत होती, जणू ओल्या मेंढ्यांचा कळप पाहावा. तुदुरला ती नजर ओळखीची वाटली आणि मनापासून आवडली.

फाटकापाशी त्याने तिला गाठलं. "रविवारी वर्गाला येत जा की. तुमच्यासारखं वाचणारं कुणी नाही तिथं."

"तुमच्या वर्गाला?" तिने हातमोजे चढवले. "तिथं एकटे तुम्हीच बोलता, तुदुर. माझा नवराही असाच होता."

ती उतारावरून निघून गेली. वर्गाला ती कधीच आली नाही. पुढच्या रविवारी सहाच जण आले. त्यांतल्या एकाने भीतभीत काही विचारलं, तेव्हा तुदुर त्याच्यावर नेहमीपेक्षा जास्तच खेकसला.