पुंजारामच्या गालांवरचे वांग

सातपूरच्या एका कारखान्याच्या गेटवर पुंजाराम आहेर अकरा वर्षं वॉचमन होता. गेटचं तोंड पश्चिमेला, त्यामुळे दुपारी एकपासून पाळी सुटेपर्यंत ऊन थेट तोंडावर. चाळिशी लागली आणि दोन्ही गालांवर काळपट वांग उठले. आधी त्याला वाटलं, ग्रीस लागलंय. रॉकेलच्या बोळ्यानं घासून पाहिलं. कातडी सोलली, वांग राहिले.

"बायकांना येतं ते तुम्हाला कसं आलं?" बायकोनं, सवितानं, सहज विचारलं. गणवेशाला स्वतः इस्त्री करणारा आणि मिशांना रोज पीळ देणारा हा माणूस दोन दिवस धड जेवला नाही.

शेवटी २००३च्या उन्हाळ्यात, दुकानात दुसरं गिऱ्हाईक नाही असं बघून, त्यानं मेडिकलवाल्याला हळूच विचारलं. त्यानं चिठ्ठीबिठ्ठी न मागता एक ट्यूब पुढं सरकवली. महिन्याभरात गाल असे उजळले की नांदगावला पुतण्याच्या लग्नात नवरीकडचे एक गृहस्थ त्याला नवरदेवाचा थोरला भाऊच समजले. पुंजाराम मग दिवसभर काही ना काही निमित्तानं त्या गृहस्थांच्या समोरून जात राहिला. बहीण कुसाबाईनं गुपित विचारलं, तेव्हा ट्यूबचं नाव त्यानं मोठ्या मनानं सांगून टाकलं.

तिसऱ्या महिन्यात सगळं फिरलं. गाल लालबुंद झाले, उन्हात मिरची चोळल्यासारखी आग होऊ लागली, वांग पहिल्यापेक्षा गडद होऊन परतले आणि जिथं कधी दाढी उगवली नव्हती तिथं बारीक लव आली. कारखान्यात लेथवर काम करणारा भिकन टर्नर गेटातून आत येताना थबकला.

"पुंजारामभाऊ, तुम्ही वांग घालवायला गेले अन् वांगं घेऊन आले. तेबी भाजलेलं."

त्याच संध्याकाळी सवितानं त्याला स्कूटरवर मागं बसवून कॉलेज रोडला त्वचारोगाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. डॉ. वेदिका गायधनींनी ट्यूब उजेडात धरून वाचली.

"यात स्टेरॉइड आहे. तोंडाला महिनोन् महिने लावायचं औषध नाही हे. हे कोणी दिलं?"

"मेडिकलवाल्यानं."

"त्यानं तुमचा चेहरा तपासला होता?"

"नाय. पण बघितला व्हता."

बाई हसल्या नाहीत, सविता मात्र हसली. पुंजारामनं एका दमात विचारलं, "मॅडम, लेझरनं एकदाच काय ते जाळून टाका."

"आपली कातडी सावळी आहे. तिला दुखावलं की ती जास्तच काळी पडते. आधी ही आग शांत करू. मग वांगाचं मलम, नंतर सौम्य पील, म्हणजे वरची कातडी हळूहळू सोलणारं औषध. आणि एक सांगते, मी तुम्हाला गोरं करणार नाही. चेहरा एकसारखा करीन."

एवढ्या खटाटोपानंतर फक्त एकसारखं व्हायचं, हे त्याला पचायला जड गेलं. पण घरी येताना त्याला कुसाबाई आठवली आणि तिला सांगितलेली ट्यूबही. रविवारी सकाळी पहिल्या एसटीनं तो नांदगावला गेला. कुसाबाईनं ती ट्यूब एव्हाना गल्लीतल्या पाच जणींना सांगितली होती. पुंजाराम ओट्यावर बसला आणि सगळ्यांना बोलावणं धाडलं.

"माझ्या तोंडाकडं बघा," तो म्हणाला. "नीट बघा. ज्यांना असं पायजे त्यांनी लावत राहा. बाकीच्यांनी डॉक्टरला दाखवा."

बायका जवळ येऊन, पदर सावरून, अगदी निरखून बघत होत्या. एकीनं त्या लवेला हात लावून पाहिला. आयुष्यात इतकी लाज त्याला कधी वाटली नव्हती. तरी तो सगळ्यांचं बघून होईपर्यंत तसाच बसून राहिला. पाचही ट्यूबा पिशवीत घालून परत आणल्या, सहावी कुसाबाईची.

मग उपचार सुरू झाले. दर तीन तासांनी उन्हाचं मलम लावायचं. ते इतकं पांढरं फटक होतं की मोठ्या साहेबांनी गाडीची काच खाली करून विचारलं, "आज गेटवर नाटक आहे का?" पुंजारामनं सलाम ठोकून डॉक्टरांची चिठ्ठी दिली. त्यात लिहिलं होतं की रुग्णानं उन्हात उभं राहू नये.

"वॉचमन उन्हात नाही तर कुठं उभा राहणार?"

"सावलीत, साहेब. सावली तेवढी आपण द्या."

साहेबांनी चिठ्ठीची घडी करून खिशात ठेवली. आठवड्यानं स्टोअरमधून प्रदर्शनातली भलीमोठी छत्री गेटवर आली. रंगीबेरंगी पट्ट्यांची, खाली गोल टेबलासकट. पुंजाराम तिच्याखाली हवा खायला आल्यासारखा दिसे. पाळी सुटली की निम्मे कामगार तिथं घोटाळत.

पील करताना बाईंनी आधी कानामागं थोडं लावून पाहिलं. पुढचे पंधरा दिवस पुंजाराम दोन आरसे घेऊन स्वतःचा कान शोधत होता. काही वाकडं झालं नाही, तेव्हा गालांना हात घातला. दोन-तीन आठवड्यांनी एकदा, असे सहा पील. प्रत्येक वेळी तो खुर्चीचे हात घट्ट धरून बसे, सविता वर्तमानपत्रानं वारा घाली आणि नर्स घड्याळात बघून मिनिटं सांगे.

वर्षभरात वांग चारातले तीन हिस्से पुसट झाले. "ऊन लागलं तर परत येतील," बाई म्हणाल्या. "उन्हाचं मलम आता कायमचं." भिकन एक दिवस जेवणाच्या सुट्टीत छत्रीखाली आला, इकडंतिकडं बघून डोक्यावरची टोपी काढली आणि कपाळावरचे डाग दाखवले. पुंजारामनं चेष्टा केली नाही. दवाखान्याचा पत्ता कागदावर लिहून दिला.

पुढं कारखान्यात नवी ओळखपत्रं निघाली. फोटोवाल्यानं पुंजारामचा फोटो कॉम्प्युटरवर घेऊन इतका स्वच्छ गोरा केला की मिशा चिकटवल्यासारख्या दिसायला लागल्या.

"हा कोण?" पुंजारामनं विचारलं.

"तुम्हीच, काका. जरा उजळवलंय."

"ह्या माणसाला मी गेटातून आत सोडणार नाय," पुंजाराम म्हणाला आणि पुन्हा कॅमेऱ्यासमोरच्या स्टुलावर जाऊन बसला. "दुसरा काढ."