चार नंबरचे दोन ड्राइव्ह

नांदेडहून आलेल्या ज्या इंजिनिअर मॅडमनी लातुरात माझी नोकरी वाचवली, त्यांना आधी नमस्कार. मग आमच्या सुपरवायझरविषयी बोलतो.

मी नववीतून शाळा सोडलेला, घर पार सिंधुदुर्गात. इथे डाळ मिलमध्ये हेल्पर. मिलच्या प्रत्येक मोटरचा वेग एकेक ड्राइव्ह सांभाळतो. सगळे ड्राइव्ह एकाच केबलवरून कंट्रोलरशी बोलतात, म्हणून प्रत्येकाला वेगळा नंबर. सात नंबरचा जळाला, सुपरवायझरनं नवा बसवला. तेव्हापासून सात बोलेचना आणि धडधाकट चारही मधेच गप्प व्हायचा. मिल बंद. सुपरवायझरला इलाज एकच ठाऊक: मेन स्विच पाडायचा, मिशीवरून हात फिरवायचा, स्विच वर करायचा. पॅनेलची किल्ली करदोट्याला बांधलेली, जणू आत जहागिरी आहे.

शेवटी त्यानं शेटना सांगितलं, "ह्या कोकण्यानं ब्लोअरनं धूळ उडवताना केबल वढली बगा. लावा गाडीला त्याला."

"मॅडम येऊन बघू द्या," शेट म्हणाले. "त्याची चूक निघाली तर आजच घरी."

घरी वडिलांना काय सांगायचं, हेच माझ्या डोक्यात.

मॅडमनी आल्या आल्या पॅनेलची किल्ली मागितली. सुपरवायझरनं शर्ट वर करून ती सोडेपर्यंत त्या छताकडे बघत राहिल्या. डाळ निवडणाऱ्या बाया पदरात हसल्या.

"केबल तुटली असती तर पाच अन् सहा कसे चालून राहिले, साहेब?"

"लाइटच लई झटके मारतीय."

मॅडम माझ्याकडे वळल्या. "दादा, नव्या ड्राइव्हची केबल काढ बरं."

काढली. चार सुरळीत चालू लागला. परत जोडली, तर पुन्हा अडखळला.

"ह्याच्यात सेटिंग कुणी भरली?"

"मीच की!" सुपरवायझर फुगला. "चारची जशीच्या तशी कॉपी मारली, एका मिनटात. हाय का हितं कुणाला जमतं?"

"नंबरसकट मारलीत. आता चारला हाक मारली की दोघं ओ देतात, अन् सात नावाचं कुणी हायच न्हाई."

मॅडमनी नव्याचा नंबर सात केला. मिल सुरू. जाताना शेटना म्हणाल्या, "ह्या पोराची काही चूक न्हाई. त्याला काढू नका." शेट 'बरं' म्हणाले. सुपरवायझर मात्र अजूनही येईल त्याला सांगतो, कंपनीनं ड्राइव्हच भिकार पाठवला होता.

परवा कळलं, मॅडम नांदेडजवळ विष्णुपुरीला घर बांधतायत. त्या घराची वायरिंग मी करणार, मजुरी न घेता. तोवर काम नीट शिकतो. सुपरवायझरनं रजा दिली नाही तरी जाणार.