चाचांच्या रेकॉर्डमधल्या झांजा

विलायतेत निघणाऱ्या जंगल संगीताचे बरेवाईट ठरवण्याचा अंतिम अधिकार रत्नागिरीतल्या एका पडवीकडे आहे, ही गोष्ट विलायतेला अद्याप कळलेली नाही. पण त्यात दोष विलायतेचा आहे, पडवीचा नव्हे. ही पडवी माझ्या शेजाऱ्यांची. सगळी आळी त्यांना चाचा म्हणते, म्हणून मीही म्हणतो. मूळचे दाभोळचे. उमेदीची सारी वर्षे त्यांनी मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढली, आणि बरोबरीचे जहाजी परदेशातून अत्तरे, घड्याळे आणि ब्लँकेटे आणीत तेव्हा ह्यांनी तिथल्या बंदरांतून रेकॉर्डी आणल्या. नव्वदीच्या दशकात तिकडच्या पोरांनी जंगल नावाचा एक प्रकार काढला होता. झाडापानांशी त्याचा काही संबंध नाही. कुठल्यातरी जुन्या गाण्यातला ड्रमचा तुकडा घ्यायचा, त्याचे बारीक बारीक तुकडे करायचे, ते धावत्या लयीत उलटसुलट जोडायचे आणि त्याखाली छातीत घुमेल असा खर्ज सोडायचा, अशी त्याची साधारण कृती आहे. हे मी इतके व्यवस्थित सांगू शकतो याचे श्रेय माझ्या आवडीला नसून आमच्या दोन घरांमधल्या दगडी गडग्याला आहे. तो फारच बुटका आहे.

मी कोर्टात कारकून. स्वभावाने हळू बोलणारा. माझा नकारही होकारासारखा वाटतो अशी घरच्यांची जुनी तक्रार आहे. चाचांनी मात्र याच गुणासाठी मला श्रोता म्हणून निवडले असावे. दर शुक्रवारी संध्याकाळच्या नमाजानंतर ते गडग्यापाशी येऊन 'भाऊ' अशी हाक मारीत आणि मी जाई. पहिल्या शुक्रवारी मी अत्यंत विनयाने सांगितले होते की मला या संगीतातले काही कळत नाही आणि ऐकून डोके दुखते. त्यांनी समाधानाने मान हलवली आणि आवाज वाढवला. त्यानंतर वर्षानुवर्षे मी त्यांच्या मतांशी असहमती नोंदवीत आलो आणि ते मला आपला पक्का अनुयायी समजत आले.

त्यांची ऐकण्याची रीत सांगितल्यावाचून पुढे जाता येणार नाही. जहाजावर इंजिनाचे बेअरिंग कुरकुरते की काय ते पाहण्यासाठी लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक यंत्राला टेकवतात आणि मूठ कानामागच्या हाडाला लावतात. आतली धडधड थेट हाडातून डोक्यात येते. चाचा निवृत्त झाले, पण स्क्रू ड्रायव्हर निवृत्त झाला नाही. नवी रेकॉर्ड लावली की ते स्टुलावर बसून त्याचे टोक स्पीकरच्या खोक्याला लावीत, डोळे मिटीत आणि एखाद्या हृदयरोगतज्ज्ञाच्या गांभीर्याने निदान करीत. अमक्या रेकॉर्डचा व्हॉल्व्ह गळतो. तमकीला तेल कमी पडले आहे. एका विलायती कलावंताने म्हणे वर्षभर मेहनत करून तबकडी काढली होती. चाचांनी पहिल्याच मिनिटाला सुई उचलली आणि हे इंजिन बंदराबाहेर पडणार नाही असे जाहीर केले. रीमिक्स या प्रकाराबद्दल तर त्यांचे मत फारच सौम्य होते. दुसऱ्याच्या होडीला नवा रंग मारून तिच्यावर आपल्या बायकोचे नाव लिहिणारा माणूस, एवढेच ते रीमिक्स करणाऱ्याबद्दल म्हणत.

एकदा मागच्या आळीत हळदीचा डीजे लागला होता. चाचा निमंत्रणाची वाट न पाहता स्क्रू ड्रायव्हर घेऊन निघाले. नाचणाऱ्या मंडळींमधून वाट काढीत ते भल्यामोठ्या खोक्यापाशी गेले आणि टोक लावून उभे राहिले. हातात हत्यार घेतलेला म्हातारा पाहून डीजेवाल्याने घाईघाईने आवाज निम्मा केला आणि हात जोडले. चाचांना तो अपमान वाटला. "कमी कशाला केलास?" ते म्हणाले. "मी तक्रार करायला नाय आलो. वाढव, त्याशिवाय रोग कळायचा नाय." रत्नागिरीच्या इतिहासात डीजेचा आवाज कमी आहे म्हणून भांडायला गेलेले हे पहिलेच गृहस्थ असावेत. परत येताना त्यांनी निकाल दिला की खर्ज ठीक आहे, पण झांजा नाहीत.

झांजा हे त्यांचे जुने दुःख. ड्रमच्या वरच्या अंगाला जी पितळी चिकचिक सतत चालू असते, तिला ते झांजा म्हणत. जुन्या रेकॉर्डींत झांजा कशा पावसासारख्या पडत, आणि हल्लीच्या पोरांनी त्या टाकणेच बंद केले आहे, ह्यावर ते तासभर बोलू शकत. आळस, दुसरे काय. एकूणच जगाचा वरचा भाग झिजत चालल्याचे त्यांच्या लक्षात आले होते. हल्ली बायका पुटपुटतात. कुकरच्या शिट्या पूर्वीसारख्या दणकट राहिल्या नाहीत. आणि आंब्याच्या बागांवर फवारे मारून मारून लोकांनी रातकिडे संपवले. हे शेवटचे विधान त्यांनी केले तेव्हा आमच्याभोवती रातकिड्यांनी असा गिल्ला केला होता की मला माझा चहाचा घोट ऐकू येईना. मी मान डोलावली. वडीलधाऱ्या माणसाचा हट्ट म्हणून सोडून दिले, आणि घरी येऊन बायकोला तो किस्सा नकलेसह सांगितला.

चाचांची मुलगी इथल्याच एका कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. बापाच्या रेकॉर्डींवर वाढलेली. तिने मिरकरवाड्याच्या जेटीवर बर्फ फोडण्याच्या यंत्राचा आवाज टिपून, त्याचे तुकडे करून, त्याखाली मच्छीमारी लाँचच्या इंजिनाचा ठोका घालून स्वतःची एक जंगल चाल रचली. विलायतेतल्या एका छोट्या कंपनीला ती आवडली. शेवटची प्रत पाठवा, रेकॉर्ड काढतो, असे त्यांनी कळवले. साहजिकच आधी ती अंतिम न्यायालयापुढे आली. मी साक्षीला होतोच. चाचांनी टोक लावून ऐकले. चेहरा उजळला. मग विझला. "सगळं हाय," ते म्हणाले, "पण तूसुद्धा झांजा नाय घातल्यास."

तिने झांजा वाढवून आणल्या. पुढच्या शुक्रवारी पुन्हा तेच. तिने आणखी वाढवल्या. अखेरच्या प्रतीत त्या इतक्या वाढल्या होत्या की माडावरचे कावळे उठले, माझ्या दाढांतून कळ गेली आणि रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाने कानांवर हात ठेवले. चाचा मात्र प्रसन्न झाले. आत्ता कुठं थोड्या आल्या, म्हणाले. मी मुलीकडे पाहिले. तिने माझ्याकडे पाहिले नाही.

तिने मला नंतर गडग्यापाशी गाठले. मी नेहमीच्या थट्टेच्या सुरात काहीतरी बोलायला गेलो, तेवढ्यात ती म्हणाली, "काका, इंजिनरूममध्ये इतकी वर्षं काढली त्यांनी. कानांचं वरचं सगळं गेलंय. खालचं तेवढं येतं." मग म्हणाली, "ही प्रत पाठवली तर कंपनी हसेल. पहिली पाठवली तर अब्बा विचारतील झांजा का नाहीत, आणि मला सांगावं लागेल. काय करू?"

दबलेले कुकर, पुटपुटणाऱ्या बायका आणि मेलेले रातकिडे एकामागून एक माझ्यापुढे येऊन उभे राहिले. आणि माझ्या लक्षात आले की माझी इतक्या वर्षांची सविनय असहमती त्यांनी कधी धुडकावली नव्हती. ती त्यांच्यापर्यंत पोचलीच नव्हती. मी एवढेच म्हणालो की तुझी रेकॉर्ड तुझ्यासारखी असू दे. तिने पहिली प्रत पाठवली.

काही महिन्यांनी कुरिअरने खोके आले. शुक्रवार होता. मुलीने रेकॉर्ड लावली आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. तिचे हात ओढणीच्या टोकाला पीळ घालीत होते. मी बाकावर बसलो होतो. चाचांनी स्क्रू ड्रायव्हर लावला, डोळे मिटले, आणि मग, जे ते कधी करीत नसत ते केले. डोळे उघडून माझ्याकडे पाहत राहिले. रेकॉर्ड संपेपर्यंत पाहतच राहिले. मग मुलीने येऊन सुई उचलली.

"ह्याच्यात झांजा हायत," ते म्हणाले.

मुलगी काही बोलणार होती. त्यांनी हातानेच थांबवले. "मना नाय आल्या. भाऊच्या बोटाला आल्या."

मी खाली पाहिले. ज्या संगीताने आपले डोके दुखते असे मी आयुष्यभर सांगत आलो, त्याच्या झांजा माझी तर्जनी बाकाच्या लाकडावर नखाने वाजवीत होती. कधीपासून, देव जाणे. चाचांनी स्टूल ओढून माझ्याजवळ आणले, स्क्रू ड्रायव्हरचे टोक माझ्या बोटाशेजारी बाकावर टेकवले आणि मूठ कानामागे धरली. "परत लाव गो," ते मुलीला म्हणाले.

त्या दिवसापासून पडवीतून निकाल बाहेर पडणे जवळजवळ बंद झाले आहे. विलायत आता बेलगाम रेकॉर्डी काढीत असेल. तिला विचारणारे कोणी राहिले नाही. मुलगी त्यांना कानांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. यंत्र मिळाले आहे, पण ते बहुतेक वेळ त्याच्या डबीतच असते. नवी रेकॉर्ड आली की चाचा मत देण्याऐवजी मलाच विचारतात, वर काय चाललंय, आणि मी बाकावर वाजवून दाखवतो. मी चांगला वाजवतो असे ते म्हणतात. यावर विश्वास ठेवण्याचे मी टाळतो. पण त्यांच्या त्या ठाम, चुकीच्या, सगळ्या जगाला झोडपणाऱ्या निकालांची मला चुटपुट लागून राहिली आहे. ते ऐकून घरी जाऊन नक्कल करण्यात जो आनंद होता, तो पुन्हा मिळायचा नाही, आणि मिळूही नये.

परवा संध्याकाळी रेकॉर्ड चालू असतानाच वीज गेली. तबकडी मंदावत थांबली. पडवीत अंधारून आले होते. चाचांनी स्क्रू ड्रायव्हर उचलला नाही, तसेच टोक बाकाला टेकवून बसले, आणि बऱ्याच वेळाने, जरा चोरट्यासारखे, म्हणाले, "रातकिडे हायत काय रे अजून?"

मी बोट बाकावर ठेवले.