पोथ्यांचे जुने रुमाल

आज नातवाला वेखंड लावताना त्या वासाने मी थेट काशीच्या पंचगंगा घाटावरच्या आमच्या धर्मशास्त्र विद्यालयाच्या ग्रंथालयात पोचले. तिथे कसर लागू नये म्हणून पोथ्यांत वेखंडाचे तुकडे ठेवायचे.

मी तेव्हा विशीतली, ग्रंथपाल अण्णांच्या हाताखाली नवी. काशीतल्या मराठी घरांनी दिलेल्या पोथ्या ज्याच्या त्याच्या घरच्या कापडाच्या रुमालात बांधलेल्या होत्या. कुणाचं लुगडं, कुणाचं उपरणं. मला तो गबाळा कारभार बघवेना. अण्णा आठ दिवस गावाला गेले, तेवढ्यात मी सगळ्या पोथ्या कोऱ्या लाल कापडात बांधल्या आणि जुनी फडकी फरशी पुसायला दिली.

अण्णा परतले. त्या लाल रांगांसमोर बराच वेळ उभे राहिले.

"कसं दिसतंय, अण्णा?"

"एकदम साफसुथरं, बेटा," एवढंच म्हणाले. मी खूश!

आता विद्यालयाने मलाच ग्रंथालयाचा इतिहास लिहायला सांगितलाय. कुठली पोथी कुणाच्या घरची, याची नोंद कुठेच नाही. अण्णा कापड बघून ओळखायचे, हे मला त्यांच्या पश्चात कळलं. चार दिवस कोऱ्या कागदासमोर बसून नुसती चरफडतेय. स्वतःवर राग तर आहेच, पण अण्णांवरही. अहो, ओरडायचं होतंत की माझ्यावर! ती फडकी तेव्हा मागच्या अंगणात वाळतच होती.