आपल्यात उंची कमी करत नाय

पेणला आमचा गणपतीचा कारखाना आहे. मूर्ती सासरे आणि नवरा घडवतात, विकायचं काम माझं, कारण माझी जीभ गिऱ्हाइकाप्रमाणे वळते. पुण्याची गाडी दारात थांबली की मी ‘शाडू’, ‘पर्यावरण’ असले शब्द काढते. फ्लॅटमधली जोडपी आली की म्हणते, "उंचीत काय आहे, भाव महत्त्वाचा," आणि लहान मूर्ती खपवते. खाडीकडची किंवा रोह्याकडची माणसं आली की माझ्या ‘नाही’चं आपोआप ‘नाय’ होतं. सासूबाई मला सरडा म्हणतात. मला त्याचं कौतुकच वाटायचं.

गेल्या वर्षी सणाच्या तोंडावर रोह्याच्या एक म्हाताऱ्या बाई आल्या, नेहमीच्याच. नवरा नाही, मुलगा गुजरातेत कंपनीत, त्याला सणालाही सुट्टी मिळत नाही. एरवी त्यांच्याकडे कोणी फिरकत नसे, पण गणपतीच्या दीड दिवसात घर माणसांनी भरायचं. मूर्ती त्या मांडीवर घेऊन गाडीने न्यायच्या आणि नदीवरही स्वतःच न्यायच्या.

"बाय गो, यंदा लहानसा दे," त्या म्हणाल्या. "हाताला जोर नाय रायला."

लहान मूर्ती सगळ्या ठरलेल्या होत्या आणि मधल्या मापाचा माल अंगावर पडायच्या बेतात होता. दोन दिवसांनी या, करून ठेवतो, असं म्हणता आलं असतं. मी आवाज खाली आणला आणि म्हटलं, "मावशी, आपल्यात उंची कमी करत नाय. एकदा बसवला तेवढाच बसवायचा."

त्यांचा चेहरा उतरला. मग त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "बरा झाला सांगितलंस. माझ्या हातून चूक झाली असती."

आमच्या स्वतःच्या घरी असला काही नियम नाही. विकून जी उरेल ती मूर्ती आम्ही बसवतो, एखाद्या वर्षी वीतभर, एखाद्या वर्षी कमरेएवढी.

यंदा त्या आल्या तेव्हा मी लांबूनच "या मावशी" म्हटलं. मूर्तींकडे त्यांनी पाहिलंही नाही.

"माझा गणपती नको ठेवूस, ते सांगायला आले. गेल्या साली इसर्जनाला हात सुटत होता, शेजाऱ्यानं धरला म्हनून वाचला. कमी तर करता येत नाय. मंग दिराकडं दिला. आता तिकडंच बसंल."

एवढं सांगायला त्या रोह्याहून आल्या होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी त्यांना बसवलं आणि हात जोडून सगळं सांगितलं. "मावशी, असा नियम नाय हो. माल खपवायला बोलले मी. चुकले." एक वीतभर मूर्ती काढून पुढ्यात ठेवली. "ही न्या. अशीच न्या."

त्यांनी मूर्तीकडे पाहिलं. मग हसल्या.

"माझं मन राखतेस व्हय? विकायला बसलं की मानूस बघून बोलावं लागतं, कळतं मला. पन गेल्या साली तू खरं बोललीस. आता माझ्यासाठी देवाचा नियम नको मोडूस गो."

मूर्तीला नमस्कार करून त्या स्टेशनकडे निघाल्या. माफीसुद्धा मी गेल्या वर्षीच्याच ‘नाय’वाल्या आवाजात मागितली होती.